काळ्या लघुग्रहांची खरी मापे

२ ऑक्टोबर १९१० रोजी इटलीतल्या तेरामो गावाहून व्हिन्चेंझो चेरुल्ली यांनी एक लघुग्रह टिपला. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात तोवर सापडलेल्यांच्या यादीत त्याला ७०४ वा क्रमांक मिळाला आणि गावाच्या जुन्या लॅटिन नावावरून त्याचे नाव ‘इंटरम्निया’ ठेवले गेले. हा पिंड सुमारे ३३० किलोमीटर व्यासाचा आहे आणि पट्ट्यातल्या सर्वांत मोठ्या पाच-सहा पिंडांत मोडतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या आधी सापडलेल्या ७०३ पैकी बहुतेक त्याच्या निम्म्याएवढेही नाहीत. असे हे एकच उदाहरण नाही. आकाराने चौथा असलेला हायजिया १८४९ मध्ये सापडला तो दहावा म्हणून. त्याच्याहून कितीतरी लहान असलेले आयरिस, फ्लोरा आणि मेटिस त्याच्या आधीच यादीत बसले होते. दोनशे किलोमीटरहून मोठा असलेला बाम्बर्गा १८९२ पर्यंत कुणाच्या नजरेस पडला नाही. काही ठिकाणी अंतराचाही यात वाटा आहे, पण मुख्य कारण रंगाचे आहे. हे पिंड कोळशासारखे काळे आहेत. लघुग्रह पट्ट्याची आपली पहिली नोंदवही उजेडाच्या आधारे लिहिली गेली आणि उजेडाच्या हिशेबात काळ्याची बाजू नेहमीच लंगडी पडते. पट्ट्यातला बहुतांश ऐवज मात्र काळाच आहे. त्याचे माप उजेडाने घेता येत नाही, ते उष्णतेने, सावलीने आणि प्रत्यक्ष हातात आलेल्या मातीने घ्यावे लागते. गेल्या पन्नासेक वर्षांत या तिन्ही वाटांनी काय हाती आले आणि त्यातल्या एका वाटेवर मुंबईसारख्या झगमगत्या शहरालाही काम कसे आहे, हे या आढाव्यात मांडायचे आहे.

या प्रश्नाची भारतातली सुरुवात मद्रासच्या वेधशाळेत झाली. नॉर्मन पॉगसन यांचे काम तारे पाहणाऱ्या प्रत्येकाच्या बोलण्यात रोज येते, नाव घेतले जात नसले तरीही. ताऱ्यांच्या तेजाच्या ‘प्रती’ आपण मोजतो. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या शंभरपट तेजस्वी, हे गणिती प्रमाण पॉगसन यांनी १८५६ मध्ये सुचवले. पुढे ते मद्रासला आले आणि १७ एप्रिल १८६१ रोजी त्यांना एक लघुग्रह सापडला. आशिया खंडातून सापडलेला पहिला म्हणून तो ‘एशिया’ झाला. १६ मे १८६६ रोजी त्याच वेधशाळेतून त्यांना ‘सिल्व्हिया’ सापडला आणि १८६८ मध्ये ‘कॅमिला’. यांतल्या पहिल्या दोन तारखांमध्ये आपल्या प्रश्नाचे सार आहे. एशियाचा व्यास साठ किलोमीटरच्या आसपास, सिल्व्हियाचा सुमारे २७० किलोमीटर. म्हणजे मुंबईहून छत्रपती संभाजीनगर सरळ रेषेत जेवढे दूर, तेवढा तो रुंद. आकाशात दाखवायला त्याच्यापाशी एशियाच्या वीसपट क्षेत्रफळ आहे, तरी तो पाच वर्षे उशिरा सापडला आणि सरासरीने एशियापेक्षा अंधुकच दिसतो. तो दूर आहे हे खरे, सूर्यापासून सुमारे ५२ कोटी किलोमीटरवर. पण एशिया अंगावर पडलेल्या उन्हाचा जवळपास चौथा हिस्सा परतवतो आणि सिल्व्हिया शंभरातले जेमतेम चार-पाच भाग. एशियासारखा उजळ असता तर सिल्व्हिया आहे त्या जागेवरूनही सुमारे पाचपट तेजस्वी दिसला असता. तेजाची मोजपट्टी ज्यांनी जगाला दिली, त्यांनाच भारताच्या आकाशात ती मोजपट्टी जिथे अपुरी पडते असे पिंड सापडले. त्या काळात हे कळायला मार्ग नव्हता.

मार्ग नव्हता, कारण एकोणिसाव्या शतकातल्या ज्योतिर्गणिताचा प्रश्नच वेगळा होता. ‘पिंड कुठे आहे’ हे त्याला विचारायचे होते, ‘केवढा आहे’ हे नव्हे. मुंबईचेच उदाहरण घ्या. कुलाब्याच्या वेधशाळेची जबाबदारी काही काळ बाळशास्त्री जांभेकरांनी सांभाळली. केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे तरुणपणी तिथे काम करीत होते. केरूनानांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत आणली आणि पंचांगातला ग्रह आकाशातल्या ग्रहाशी जुळला पाहिजे हा आग्रह धरला. हे काम फार मोलाचे होते. पण त्यातला ग्रह म्हणजे एक बिंदू, अमुक वेळी अमुक अंशावर असणारा. पॉगसन यांचे लघुग्रहही असेच बिंदू होते. कक्षा निघाली, पुढच्या वर्षी तो कुठे दिसेल हे सांगता आले, की काम पूर्ण झाले असे मानले जाई. दुर्बिणीतून मोठ्यात मोठा लघुग्रहही इतका इवला दिसतो की त्याची तबकडी थेट मोजणे मोजक्या चार-पाच पिंडांपुरतेच शक्य होते. बाकीच्यांसाठी चमकेवरून अंदाज बांधायचा आणि सगळे सारखेच उजळ आहेत असे धरून चालायचे. चूक इथे शिरली.

चूक किती मोठी होते ते हिशेबाने पाहू. समान अंतरावरचे दोन लघुग्रह आपल्याला सारख्याच प्रतीचे दिसत आहेत. एक ऊन २५ टक्के परतवतो, दुसरा ४ टक्के. सारखी चमक देण्यासाठी दुसऱ्याला सव्वासहापट क्षेत्रफळ हवे, म्हणजे व्यास अडीचपट. घनफळ काढले तर ते पंधरापटींहून अधिक भरते. डोळ्यांना जुळे दिसणाऱ्या भावांपैकी एकात दुसऱ्याच्या पंधरापट माल आहे! हा काळेपणा किती गडद असतो, हे लालबाग-परळच्या वाचकाला ओळखीच्या वस्तूवरून सांगता येईल. १९१५ पासून टाटांची खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली. त्याआधी गिरण्यांच्या बॉयलरमध्ये दगडी कोळसा जळत असे आणि त्यात बंगालकडच्या खाणींचा कोळसाही येई. २७ जून १९९७ रोजी ‘निअर’ यान मॅथिल्ड या पट्ट्यातल्या लघुग्रहाजवळून गेले. पन्नासेक किलोमीटरचा तो पिंड ऊन अवघे ४ टक्के परतवणारा निघाला. त्याच्यावरच्या विवरांना जगभरच्या कोळसा-क्षेत्रांची नावे देण्यात आली आणि त्यांतल्या एका विवराचे नाव ‘दामोदर’ आहे. ज्या दामोदर खोऱ्याच्या कोळशाने या देशातल्या भट्ट्या पेटत आल्या, त्याचे नाव आज एका काळ्या लघुग्रहाच्या अंगावर आहे, आणि या पिंडांच्या रंगाची याहून नेमकी खूण मिळणे कठीण.

काळ्याचे माप घेण्याची पहिली वाट उष्णतेची. मे महिन्यातली गिरगावातल्या एखाद्या इमारतीची गच्ची डोळ्यांपुढे आणावी. एका भागावर गळती थांबवण्यासाठी डांबराचा थर दिलेला आहे आणि शेजारच्या भागावर चिनी मातीच्या पांढऱ्या कपच्या बसवलेल्या आहेत. दोन्हींवर ऊन सारखेच पडते. पांढऱ्या कपच्या डोळे दिपवतात, पण त्यांच्यावरून अनवाणी चार पावले टाकता येतात. डांबरावर पाय टेकवत नाही. दिवेलागणीनंतर दोन्ही भाग डोळ्यांना सारखेच अंधारे होतात, तरी तळहात वीतभर वर धरून फिरवला तर डांबर कुठे संपते ते नेमके कळते. पांढऱ्याने ऊन परतवले, काळ्याने पोटात घेतले आणि आता तो ते अवरक्त किरणांच्या रूपाने सोडतो आहे. लघुग्रहाचेही असेच आहे. परतवलेले ऊन आणि उष्णता होऊन बाहेर पडणारे ऊन यांची बेरीज केली की अंगावर पडलेले एकूण ऊन मिळते आणि त्यावरून पिंड केवढा ते निघते. उजेडाच्या हिशेबात मागे पडणारा काळा पिंड उष्णतेच्या हिशेबात उठून दिसतो. १९७० मध्ये डेव्हिड ॲलन यांनी या रीतीने वेस्टाचा व्यास काढला. १९७५ पर्यंत चॅपमन, मॉरिसन आणि झेल्नर यांनी लघुग्रहांची काळ्या ‘सी’ आणि उजळ ‘एस’ गटांत विभागणी मांडली. पृथ्वीचे वातावरण हे किरण बरेचसे गिळते, म्हणून खरी झेप अवकाशातून घेतली गेली. १९८३ च्या ‘आयरास’ उपग्रहाने सुमारे दोन हजार लघुग्रहांची मापे दिली. २०१० पासून ‘वाइज’ने आणि २०२४ पर्यंत चाललेल्या त्याच्या पुढच्या मोहिमेने हा आकडा लाखाच्या पुढे नेला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अवरक्त खगोलशास्त्राच्या गटाने हैदराबादहून बलूनला टांगून एक मीटर व्यासाची दुर्बीण वातावरणाच्या वरच्या थरात पाठवली, तिचे तत्त्वही हेच. त्यांचे लक्ष्य लघुग्रह नव्हते, तारे जिथे जन्मतात ते धुळीचे ढग होते. पण डोळ्याला न दिसणारे उष्णतेवरून ओळखण्याची विद्या या शहरात रुजलेली आहे, हे त्यावरून दिसते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. उष्णतेवरून आकार काढताना पृष्ठभाग किती खडबडीत आहे, तो किती वेगाने फिरतो, रात्रीच्या बाजूला किती ऊब उरते, अशा कितीतरी गोष्टी गृहीत धराव्या लागतात. मग उजेडाची अटकळ जाऊन उष्णतेची अटकळ आली, एवढेच नाही का? गृहीतके आहेत हे खरे, आणि एखाद्या सुट्या पिंडाच्या बाबतीत उत्तर चुकूही शकते. पण या मापांची पडताळणी अगदी वेगळ्या रीतींनी झालेली आहे. यान जवळ गेले, रडारचे पडसाद आले, ताऱ्यांपुढून सावल्या सरकल्या आणि व्यासाची उत्तरे सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांच्या आतबाहेर जुळली. उजेडावरच्या अंदाजात चूक अडीचपटींची होत होती. दहा टक्क्यांची चूक आणि अडीचपटींची चूक यांना एकाच तराजूत घालता येणार नाही.

दुसरी वाट सावलीची. लघुग्रह फिरता फिरता एखाद्या ताऱ्यासमोर आला की काही क्षण तारा दिसेनासा होतो. याला पिधान म्हणतात. तारा इतका दूर असतो की लघुग्रहाची पृथ्वीवर पडणारी सावली जवळजवळ त्याच्याच आकाराची असते. सिल्व्हियाची सावली महाराष्ट्रावरून गेली असे समजा. दादरच्या निरीक्षकाला तारा आठ सेकंद गायब झालेला दिसेल, नाशिकला पंधरा सेकंद, आणि पट्ट्याबाहेरच्या गावात तो तेवतच राहील. प्रत्येकाची वेळ म्हणजे त्या पिंडावरून ओढलेली एक जीवा. अशा जीवा एकमेकींशेजारी मांडल्या की पिंडाची बाह्याकृती उमटते. यात पिंड काळा असो की गोरा, काडीचा फरक पडत नाही, कारण पाहायचा असतो तो तारा. सिल्व्हियाच्या बाबतीत या रीतीने फार सुंदर काम झाले. २००१ मध्ये त्याला एक चंद्र असल्याचे दिसले, २००५ मध्ये दुसऱ्याची घोषणा झाली आणि दोन चंद्र असल्याचे ठाऊक झालेला तो पहिला लघुग्रह ठरला. चंद्रांची नावे रोम्युलस आणि रेमस. जानेवारी २०१३ मध्ये सिल्व्हिया एका ताऱ्यावरून गेला तेव्हा चार निरीक्षकांना रोम्युलसची वेगळी सावलीही टिपता आली. वीस-पंचवीस किलोमीटरचा चंद्र, कोट्यवधी किलोमीटरवर, आणि त्याचे माप साध्या दुर्बिणींनी आणि अचूक घड्याळांनी घेतले गेले. चंद्रांच्या फेऱ्यांवरून सिल्व्हियाचे वस्तुमान निघाले आणि घनता पाण्याच्या सव्वा ते दीडपट भरली. दख्खनचा काळा कातळ पाण्याच्या जवळपास तिप्पट जड असतो. म्हणजे हा काळा पिंड भरीव खडक नाही, आत पोकळ्या आहेत, बहुधा बर्फही आहे.

इथे दुसरा आक्षेप समोर येतो. काळे म्हणजे कार्बन आणि पाणी, हे समीकरण कोणी ठरवले? मुंबईच्या जुन्या इमारतींचा काळा दगड बेसाल्ट आहे, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, आणि त्याच्या काळेपणाचा कार्बनशी संबंध नाही. शिवाय वेस्टाचे कवचही बेसाल्टचेच आहे, तरी तो मोठ्या लघुग्रहांत सर्वांत उजळ, ऊन ४० टक्क्यांच्या आसपास परतवणारा. २०१३ मध्ये रशियात चेल्याबिन्स्कला फुटलेल्या अशनीत एकाच घडणीचा दगड कुठे पांढुरका तर कुठे आघाताने काळवंडलेला मिळाला. आक्षेपाचा हा भाग मान्य केला पाहिजे. नुसत्या रंगावरून जात सांगता येत नाही. म्हणूनच शास्त्रज्ञ रंगावर थांबत नाहीत, वर्णपट तपासतात. पाणी धरून ठेवणाऱ्या मातकट खनिजांची खूण तीन मायक्रॉनच्या आसपास उमटते आणि ती कितीतरी काळ्या लघुग्रहांवर सापडते. २०१० मध्ये दोन स्वतंत्र गटांना थेमिस या लघुग्रहावर पाण्याच्या बर्फाची खूण मिळाली. वेस्टाकडूनही पुरावा आला. ‘डॉन’ यानाने त्याच्या उजळ अंगावर गडद डाग पाहिले आणि तपासाअंती ते बाहेरून येऊन आदळलेल्या कार्बनयुक्त पिंडांचे असल्याचे दिसले. बेसाल्टच्या उजळ अंगावर ते परके डाग वेगळे ओळखू आले.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे. पट्ट्यात काळ्यांची बहुसंख्या असेल तर पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींतही ती दिसायला हवी. प्रत्यक्षात पडताना पाहिलेल्या अशनींत कार्बनयुक्त जात शंभरात जेमतेम चार-पाच असते. १८७७ मध्ये धुळ्याजवळ पडलेला अशनी नेहमीच्या उजळ जातीचा होता. राजस्थानात मुकुंदपुऱ्याला ६ जून २०१७ च्या पहाटे पडलेला काळा, कार्बनयुक्त अशनी म्हणूनच अभ्यासकांना एवढा मोलाचा वाटला. या विसंगतीची दोन उत्तरे आहेत. पृथ्वीकडे येणारा माल मुख्यतः पट्ट्याच्या आतल्या भागातून येतो, तर काळ्यांची खरी दाटी बाहेरच्या भागात आहे. दुसरे म्हणजे काळा दगड भुसभुशीत असतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या अग्निगोलांच्या कक्षा तपासल्या गेल्या. सूर्याजवळून जाताना तापून तडकणे आणि मग वातावरणात चुरा होणे, या दुहेरी चाळणीतून असे दगड गळून पडतात, असे त्यातून निघाले. जमिनीवर पोचते ते आकाशातले सगळे नसते, टणक तेवढे उरते. उजेडाच्या यादीत काळे मागे पडले, तसेच संग्रहालयांच्या कपाटांतही. दोन्हीकडे निवडीचा दोष आहे आणि दोन्हीकडे नुकसान एकाच बाजूचे झाले आहे.

म्हणून तिसरी वाट, माती घेऊन येण्याची. ‘हायाबुसा-२’ यानाने २०२० मध्ये र्‍यूगूवरून ५.४ ग्रॅम आणि ‘ओसायरिस-रेक्स’ने सप्टेंबर २०२३ मध्ये बेन्नूवरून १२१.६ ग्रॅम नमुना आणला. हे दोन्ही पिंड आज पृथ्वीजवळ फिरतात, मग मुख्य पट्ट्याबद्दल त्यांची साक्ष कशी मानायची? कारण ते मूळचे तिथलेच आहेत. पट्ट्यातल्या काळ्या कुळांतल्या मोठ्या पिंडांचे ते तुकडे असून सूर्याच्या उबेच्या हलक्या रेट्याने आणि गुरूच्या ओढीने आत सरकले. वातावरणाची चाळणी टाळून आलेल्या या चिमूटभर मातीत पाणी मुरलेली खनिजे मिळाली, र्‍यूगूच्या मातीत युरॅसिल मिळाले, बेन्नूच्या मातीत सजीव वापरतात त्या वीसपैकी चौदा अमिनो आम्ले आणि खारे पाणी आटून उरलेले क्षार मिळाले. पट्ट्याच्या एकूण वस्तुमानाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा एकट्या सेरेसमध्ये आहे. तोही काळा, ऊन ९ टक्क्यांच्या आसपास परतवणारा. त्याच्या ऑकेटर विवरातले उजळ डाग खाऱ्या पाण्यातून वर आलेल्या सोडियम कार्बोनेटचे आहेत. २०२३ मध्ये वेब दुर्बिणीला पट्ट्यातल्या ‘२३८पी’ या धूमकेतूसदृश पिंडातून पाण्याची वाफ निघताना दिसली. हे सगळे एकत्र ठेवले की चित्र स्पष्ट होते. सूर्यमालेच्या आतल्या, तापलेल्या भागात पाणी आणि कार्बन कुठे साठून राहिले, याचे उत्तर या काळ्या पिंडांकडे आहे. आपल्या समुद्राचे काही पाणी अशाच पिंडांतून आले असावे, हा विचार आज गंभीरपणे केला जातो. नोंदवहीत ज्यांची मापे सर्वांत उशिरा आणि सर्वांत चुकीची लागली, त्यांच्यातच साठा होता.

शेवटचा आक्षेप मुंबईकराचाच असेल. जिथे रात्री आकाशात मोजके तारे दिसतात, त्या शहराने या भानगडीत का पडावे? या आक्षेपाला या शहरात जुना आधारही आहे. विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबकीय मापन बिघडणार होते, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली आणि दोनेक वर्षांत ते काम कायमचे तिकडे गेले. विजेने एक मापन शहराबाहेर घालवले, आता दिव्यांनी दुसरेही घालवले, असे म्हणता येईल. पण दोन मापनांत फरक आहे. चुंबकीय मापनाला एकच, शांत जागा लागते. पिधानाला पुष्कळ जागा लागतात, एकमेकींपासून काही किलोमीटर अंतरावर. अंधुक लघुग्रह दिसण्याची त्यात गरज नसते. पुरेसा तेजस्वी तारा, मध्यम दुर्बीण, कॅमेरा आणि उपग्रहांवरून मिळणारी अचूक वेळ एवढे जमले की दादरची गच्चीही एक जीवा देते. शहराच्या प्रकाशाने सावली पुसली जात नाही. पावसाळ्याचे चार महिने हातचे जातात, पण बाकीचे आठ उरतात. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून लोकांना आकाश दाखवत आहे. मराठी विज्ञान परिषद आणि खगोल मंडळ यांसारख्या संस्थांनी मराठीत आकाशाची गोडी लावली आहे. वांगणीला रात्रभर आकाशदर्शनासाठी जाणाऱ्या मुंबईकरांच्या पिढ्या तयार झाल्या आहेत. पाहणाऱ्यांची ही मोठी संख्या मोजणाऱ्यांची झाली पाहिजे. वांगणी, दादर, अलिबाग, नाशिक, पुणे अशा ठिकाणांहून एकाच रात्री, एकाच ताऱ्यावर घड्याळे लागली, तर मराठी मुलुखावरून जाणारी एखाद्या काळ्या लघुग्रहाची सावली मोजल्याशिवाय जाणार नाही. केरूनानांच्या पिढीने ग्रह कुठे आहे हे मराठीत अचूक सांगितले. तो केवढा आहे हे सांगण्याची साधने आता आपल्या गच्चीवर मावतात, आणि त्यासाठी लागणारा तारा गिरगावातूनही दिसतो.